‘जीएम अन्न म्हणजे सावकाश भिनणारं विष’: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या अन्नाविषयीचा एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. या अन्नात माशांची आणि जंतूंची जनुकं घातलेली असतात आणि ती आपल्या शरीरात शिरतात. जे खाऊन अळी मरते ते माणसाला कसं मानवेल? उंदरांना मोठमोठ्या गाठी आल्याचं सिद्ध झालंय. म्हणून तर युरोपनं बंदी घातली. बियाणं मुद्दाम वांझ केलेलं आहे. चाचण्या कंपन्यांनी स्वतःच केल्यात. आणि जाता जाता सल्ला: फळावरच्या स्टिकरचा आकडा ८ पासून सुरू होत असेल तर ते फळ घेऊ नका.

यातलं बरंचसं चुकीचं आहे, पण सगळं नाही. कंपन्यांच्या चाचण्यांचा मुद्दा अफवा म्हणून झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. हा मेसेज वाचणाऱ्याचं सगळं लक्ष ताटाकडे लावतो. जीएम पिकांमुळे खरोखर जे बिघडलंय ते शेतात आणि बियाण्याच्या मालकीत बिघडलंय, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये धड एक ओळ नाही.

‘टोमॅटोत माशाचं जनुक असतं, ते आपल्या शरीरात शिरतं’

माशाचं जनुक घातलेला टोमॅटो खरंच एकदा झाला होता. फ्लाउंडर नावाच्या माशाच्या अंगात थंड पाण्यातही बर्फ धरू न देणारं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक टोमॅटोत घालून तो कडाक्याच्या थंडीत तगतो का, याची चाचणी १९९१ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं शेतात घेतली. ते जमलं नाही, आणि तो टोमॅटो कधीच विकला गेला नाही. शेपटी फुटलेल्या टोमॅटोचं चित्र मात्र आजही फिरतंय. पहिला जीएम टोमॅटो प्रत्यक्ष बाजारात आला १९९४ मध्ये, फ्लेवर सेव्हर या नावानं. त्यात कुठल्या प्राण्याचं काही नव्हतं. टोमॅटोला मऊ करणारं त्याचंच एक जनुक उलटं बसवून दाबलं होतं, म्हणजे फळ उशिरा मऊ पडावं. धंदा परवडला नाही आणि तीनेक वर्षांत तो गेलाही.

आता ‘शरीरात शिरतं’ याबद्दल. आपण खातो त्या प्रत्येक पानात, दाण्यात, मांसाच्या तुकड्यात डीएनए असतोच. माणूस दिवसाला साधारण एक दशांश ग्रॅम ते एक ग्रॅम डीएनए खातो आणि पचवतो. पालक खाऊन आजवर कोणी हिरवं झालेलं नाही. हा प्रश्न शास्त्रज्ञांनी हसण्यावारी नेलेला नाही, हेही सांगायला हवं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (तो २००४ मध्ये छापून आला) शस्त्रक्रियेनं मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांना जीएम सोया दिलं, तेव्हा त्यात घातलेल्या जनुकाचा थोडासा भाग लहान आतड्याच्या शेवटापर्यंत टिकलेला सापडला. पूर्ण पचनमार्ग असलेल्यांच्या विष्ठेत तो सापडला नाही. म्हणजे जनुक तोंडात गेल्याबरोबर नाहीसं होतं असं नाही, पण ते आपल्या पेशीत जाऊन घर करतं याचाही पुरावा नाही.

जंतूचं जनुक पिकात, या कल्पनेनंच ज्यांना शिसारी येते त्यांच्यासाठी एक माहिती. रताळ्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची जनुकं निसर्गतःच असतात. २०१५ मध्ये लागवडीखालच्या २९१ नमुन्यांत ती शोधली आणि सगळ्यांत मिळाली. आपल्या पूर्वजांनी रताळं निवडलं तेव्हाच ती त्यात होती. प्रयोगशाळेत पिकात जनुक घालायला वापरतात तोही याच कुळातला जिवाणू.

जनुक कुठून आलं यावरून फारसं कळत नाही. ते पिकात कोणतं प्रथिन तयार करतं, हे विचारायला हवं.

‘अळी मरते, मग माणूस?’

कॅफिन हे मुळात झाडानं किडीपासून बचावासाठी तयार केलेलं रसायन आहे, आणि आपण ते सकाळ-संध्याकाळ पितो. एका जिवाचं विष दुसऱ्यालाही विष असेलच असं नाही. पण हे ऐकून कुणाचं समाधान होऊ नये, कारण काही विषं दोघांनाही मारतात. म्हणून बीटीचं विष मारतं कसं ते पाहू.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. अळी मारणाऱ्या जीएम पिकांत याचंच जनुक घातलेलं असतं, म्हणून ती बीटी पिकं. जपानमध्ये १९०१ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो सापडला आणि १९११ मध्ये जर्मनीत पुन्हा सापडल्यावर त्याला हे नाव मिळालं. १९३८ पासून त्याची फवारणी कीटकनाशक म्हणून विकली जाते. सेंद्रिय शेतीतसुद्धा ती चालते, हे मेसेज पाठवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. जिवाणूतलं क्राय नावाचं प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळतं, तिथल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) तुटून सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर चिकटायच्या जागा) चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते.

जीएमच्या बाजूनं बोलणारे इथे एक घाई करतात. ते सांगतात, अळीचं आतडं अल्कधर्मी आणि आपलं जठर आम्लधर्मी, म्हणून आपण सुरक्षित. हे अर्धवट आहे. बऱ्याच बीटी पिकांत ते प्रथिन आधीच तोडलेल्या, जवळजवळ सक्रिय रूपात तयार होतं, त्यामुळे नुसत्या आम्ल-अल्कलीवर भिस्त ठेवता येत नाही. खरा आधार दोन गोष्टींचा आहे: सस्तन प्राण्यांच्या आतड्यात ते चिकटावं असे ग्राहक नाहीत, आणि आपल्या पचनरसात ते प्रथिन लवकर तुटतं. क्राय प्रथिनं इतकी निवडक असतात की अळीवर चालणारं बहुतेकदा भुंगेऱ्यावरही चालत नाही.

याचा एक फायदा मेसेजच्या नेमका उलट आहे. मक्याच्या कणसाला अळीनं पाडलेल्या भोकांतून बुरशी शिरते, आणि ती फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते. ते माणसाला आणि जनावरांना दोघांनाही घातक आहे. अळी कमी म्हणून बुरशी कमी, म्हणून बीटी मक्याच्या दाण्यांत हे विष अनेक अभ्यासांत कमी आढळलंय.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती ती भीती

प्रथिनांवरून निघालं म्हणून. जीएम अन्नाच्या बाबतीत ताटापुरती म्हणून एक भीती रास्त असेल तर ती अ‍ॅलर्जीची. नवं जनुक म्हणजे नवं प्रथिन, आणि अ‍ॅलर्जी बहुधा प्रथिनांचीच असते. १९९० च्या दशकात जनावरांच्या खाद्यासाठी सोयाबीनचा कस वाढवावा म्हणून एका बियाणे कंपनीनं त्यात ब्राझील नट या सुक्या मेव्याचं जनुक घातलं. या मेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या रक्तावर चाचणी केली तर प्रतिक्रिया आली. तो अभ्यास १९९६ मध्ये जाहीर झाला आणि सोयाबीन बाजारात न येताच बंद झालं. ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं सांगतात: एक ‘बघा, धोका’ म्हणून, दुसरे ‘बघा, चाळणी काम करते’ म्हणून. मला दोघांचंही पटतं.

चाळणीला भोक पडल्याचंही उदाहरण आहे. स्टारलिंक नावाच्या मक्यातलं क्राय९सी प्रथिन पचायला जरा चिवट होतं, म्हणून अमेरिकेत त्याला फक्त पशुखाद्यापुरती परवानगी होती. २००० साली तो मका माणसांच्या खाण्यात सापडला. दाणे एकदा कोठारात मिसळले की कोण वेगळे करणार? माल मोठ्या प्रमाणावर परत घ्यावा लागला. त्रास झाल्याचं सांगणाऱ्या २८ जणांची सरकारी तपासणी झाली आणि त्यांच्यात या प्रथिनाच्या अ‍ॅलर्जीची खूण मिळाली नाही. पण ‘जनावरांना चालेल, माणसांना नको’ ही परवानगी कागदावरच राहते, हे त्या वेळी कळलं. पुढे तशी परवानगी देणं बंद झालं.

आणि ही जोखीम एकट्या जीएमची नाही. लेनापे नावाचा बटाटा साध्या संकरातून आला होता. सोलॅनिन हे विषारी द्रव्य त्यात जास्त निघालं म्हणून १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. बियाण्यावर किरणांचा किंवा रसायनांचा मारा करून, मिळेल तो बदल निवडून, तीन हजारांहून जास्त वाणं जगभर तयार झाली आहेत. त्यात किती जनुकं कुठे हलली हे बहुतेकदा कोणी पाहिलेलंही नसतं, आणि बहुतेक देशांत त्यांना जीएमसारख्या चाचण्या लागत नाहीत. त्यांच्याबद्दल मेसेज येत नाही.

‘उंदरांना गाठी आल्या, हे सिद्ध झालंय’

गाठी आलेल्या उंदरांचे ते फोटो पाहिले नाहीत असा माणूस विरळा. ते आले फ्रान्समधल्या जिल-एरिक सेरालिनी यांच्या २०१२ मधल्या शोधनिबंधातून. तणनाशक सोसणारा एनके६०३ हा मका आणि राउंडअप हे तणनाशक उंदरांना दोन वर्षं दिलं आणि त्यांना गाठी आल्या, असा त्याचा गाभा.

पहिली गोष्ट उंदरांच्या जातीची. स्प्रेग-डॉली जातीच्या उंदरांना, विशेषतः माद्यांना, वय झालं की आपोआप गाठी येतात. साधं खाद्य द्या, तरी येतात. म्हणून या जातीवर दोन वर्षांचा कर्करोगाचा प्रयोग करायचा तर प्रत्येक गटात पन्नासेक उंदीर घेतात, म्हणजे आपोआप आलेल्या गाठी आणि खाद्यानं आलेल्या गाठी यांतला फरक दिसावा. इथे गट होते वीस, आणि प्रत्येकात उंदीर दहा. दहांतल्या पाचांना गाठ आली आणि दुसऱ्या गटात तिघांना, तर त्यावरून काय म्हणणार?

दुसरी, मात्रेची. विष असेल तर जास्त दिल्यावर जास्त मरायला हवेत. जास्त मका खाल्लेल्या गटांतले नर, साधं खाद्य खाणाऱ्या नरांपेक्षा कमी मेले. सेरालिनींची आकडेवारी वापरून ‘जीएम मक्यानं आयुष्य वाढतं’ असाही मेसेज करता आला असता. कोणी केला नाही, बरं झालं.

आणि फोटो. गाठीवाले जे उंदीर दाखवले ते जीएम किंवा तणनाशक घेतलेले होते. साधं खाद्य खाणाऱ्या, गाठी आलेल्या उंदरांचे फोटो निबंधात नव्हते. शिवाय निबंध आधी वाचायला मिळावा म्हणून पत्रकारांकडून गोपनीयतेचा करार लिहून घेतला होता. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या बातम्यांत दुसऱ्या कुठल्या शास्त्रज्ञाचं मत येणं शक्यच नव्हतं. हे मला निबंधातल्या आकडेमोडीपेक्षाही खटकतं.

नियतकालिकानं २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये निबंध मागे घेतला. खोटेपणा आढळला म्हणून नव्हे, तर यातून काहीच निष्कर्ष निघत नाही म्हणून, असं संपादकांनी सांगितलं. २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापून आला, म्हणून ‘मागे घेतला होता’ एवढं म्हणून वाद मिटत नाही. मिटला तो पुढच्या कामानं. युरोपीय संघाच्या पैशातून याच मक्यावर पुन्हा दोन वर्षांचा प्रयोग झाला, या वेळी मोठे गट घेऊन, आणि आराखडा आधी खुला करून. मक्यामुळे आजार झाल्याचं त्यात दिसलं नाही.

जनावरांचा पुरावा त्याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या पाळीव जनावरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य १९९६ नंतर हळूहळू बहुतेक जीएमच झालं. १९८३ ते २०११ मधल्या शंभर अब्जांहून जास्त जनावरांची आकडेवारी २०१४ मध्ये तपासली गेली. खाद्य बदलल्यावर आजार वा मृत्यू वाढल्याचं त्यात नाही. मर्यादा एकच: मांसाची कोंबडी काही आठवडेच जगते, तेव्हा दीर्घकाळाचं तिच्यावरून फारसं कळत नाही. दुभत्या जनावरांवरून थोडं जास्त कळतं.

‘युरोपनं बंदी घातली’

घातलेली नाही. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बीटी मका पिकतो. २०१५ पासून सदस्य देशांना आपल्या हद्दीत लागवड नाकारण्याची मुभा आहे, आणि निम्म्याहून अधिक देशांनी ती घेतली. तेच देश पशुखाद्यासाठी कोट्यवधी टन सोयाबीन आणि सोयापेंड बाहेरून आणतात, आणि त्यातलं बहुतेक जीएम असतं. म्हणजे शेतात नको, गोठ्यात चालेल. हे राजकारण आहे, आणि राजकारण म्हणून त्याला अर्थही असेल. पण विषाचा पुरावा म्हणून ते दाखवता येत नाही.

‘बियाणं मुद्दाम वांझ केलंय’

‘टर्मिनेटर’ बियाण्याचं पेटंट १९९८ मध्ये एका अमेरिकन बियाणे कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला मिळून मिळालं. जगभर ओरड झाली, १९९९ मध्ये मोन्सँटो या बड्या बियाणे कंपनीनं ते वापरणार नाही असं जाहीर केलं, आणि ते कधीच विक्रीला आलं नाही. शेतकरी दरवर्षी नवं बियाणं घेतो त्याचं एक कारण जीएमच्या कितीतरी आधीचं आहे: संकरित वाणाचा दाणा उगवतो, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही.

पण इथे मेसेज चुकीच्या दारावर थाप मारतो. बियाणं वांझ करायची गरजच नव्हती, पेटंट पुरेसं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका शेतकऱ्यानं धान्याच्या कोठारातून साधं सोयाबीन घेतलं, पेरलं, त्यातलं तणनाशक सोसणारं तेवढं राखून पुढच्या हंगामात पुन्हा पेरलं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्या विरोधात निकाल दिला: पेटंट असलेलं बी पेरून वाढवणं म्हणजे नक्कल करणं. दाणा जिवंत होता, उगवतही होता. तो पेरायचा हक्क शेतकऱ्याचा नव्हता. मला हे स्टिकरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भीतीदायक वाटतं. त्यात २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत डाऊ आणि ड्यूपाँट या कंपन्या एक झाल्या, सिंजेंटा केमचायनाकडे गेली आणि मोन्सँटो बायरकडे. बियाणं आणि त्यावर मारायचं औषध, दोन्ही त्याच मूठभर हातांत.

हे तंत्रामुळे अटळ नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर रिंगस्पॉट विषाणूनं पपईच्या बागा बसल्या, तेव्हा डेनिस गोन्साल्व्हिस यांच्या चमूनं विषाणूचंच जनुक घालून त्याला दाद न देणारी पपई तयार केली. ते काम सार्वजनिक संस्थांमधलं होतं आणि १९९८ मध्ये बियाणं शेतकऱ्यांना मिळालं. बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी लावतात त्या बीटी वांग्याचं बी राखून पुन्हा पेरता येतं, आणि शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठीच्या फवारण्या त्यानं बऱ्याच कमी झाल्या. पहिल्या जीएम सोयाबीनचं पेटंट २०१५ मध्ये संपलं. पेटंट संपतं, ही बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि शेत

‘जीएम पिकांमुळे औषधं जास्त मारावी लागतात’ हे कधी मेसेजमध्ये असतं, कधी नसतं. याला एक उत्तर नाही, कारण बीटी आणि तणनाशक सोसणारं पीक या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या हजारो शेतकऱ्यांच्या १९९८ ते २०११ च्या नोंदी तपासल्या तेव्हा बीटी मका लावणाऱ्यांनी कीटकनाशक सरासरी ११ टक्के कमी वापरलं होतं, आणि तणनाशक सोसणारं सोयाबीन लावणाऱ्यांनी तणनाशक २८ टक्के जास्त.

एकच तणनाशक, सगळीकडे, दरवर्षी. मग जे तण वाचलं त्याचंच बी पसरलं. राजगिऱ्याच्या कुळातलं पामर अमरँथ हे तण ग्लायफोसेटला, म्हणजे राउंडअपमधल्या तणनाशकाला, जुमानेनासं झालं, आणि त्याचं एक झाड लाखो बिया टाकतं. त्यावर उपाय काय काढला? डायकांबा हे जुनं तणनाशक सोसणारं सोयाबीन. २०१७ मध्ये हे तणनाशक वाऱ्यानं उडून शेजारच्या शेतांत गेलं आणि अमेरिकेत सुमारे ३६ लाख एकरांवरचं सोयाबीन होरपळलं. ग्लायफोसेटविषयी शास्त्रीय संस्थांतच दुमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं, तर युरोपच्या आणि अमेरिकेच्या नियामकांना तसं वाटलं नाही. हा वाद खराच आहे, पण तो फवाऱ्याबद्दलचा आहे.

बीटीचीही धार बोथट होते. मक्याच्या मुळं खाणाऱ्या किडीनं एका क्राय प्रथिनाला दाद देणं बंद केल्याचं २०११ मध्ये आयोवात नोंदलं गेलं. अशी किड तयार होऊ नये म्हणून शेताच्या एका भागात साधं वाण लावायचं असतं. ते लावण्यात नफा नसतो, म्हणून टाळाटाळ होते.

‘चाचण्या कंपन्यांनीच केल्या’

हा तो अर्धा खरा मुद्दा. परवानगीसाठीची माहिती कंपनीच सादर करते आणि खर्चही तीच करते. औषधांचंही असंच चालतं, पण म्हणून ते बरं ठरत नाही. २००९ मध्ये मक्यावरच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या २६ शास्त्रज्ञांनी अमेरिकन पर्यावरण खात्याला लेखी कळवलं की कंपन्यांचे बियाण्याचे करार स्वतंत्र संशोधनाच्या आड येतात. त्यांनी आपली नावं दिली नव्हती, कारण पुढचं बियाणं त्याच कंपन्यांकडून घ्यायचं होतं. नंतर कंपन्यांनी विद्यापीठांशी सैल करार केले.

पण ‘फक्त कंपन्यांनीच’ हे खोटं आहे. युरोपीय संघानं पंचवीस वर्षांत १३० हून जास्त प्रकल्पांना पैसा दिला, त्यांत ५०० हून जास्त स्वतंत्र गट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं २०१६ मध्ये ९०० हून जास्त अभ्यास चाळले. बाजारातली जीएम पिकं खाण्यानं आरोग्याला जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा तिला मिळाला नाही. जीएमचे प्रचारक हे वाक्य सांगतात आणि त्याच अहवालातली दुसरी दोन गाळतात: जीएम आल्यावर अमेरिकेत पिकांचं उत्पादन वाढण्याचा वेग आधीपेक्षा वाढल्याची खूण नाही, आणि तणनाशकाला न जुमानणारं तण ही मोठी शेतीसमस्या आहे.

‘स्टिकरवर ८’

जीएम फळासाठी आधी ८ लावून पाच आकडी कोड करायची सोय कधीकाळी ठरली होती, पण दुकानांत ती वापरलीच गेली नाही. बिनबियांचं कलिंगडही जीएम नाही, गुणसूत्रांची संख्या वेगळी असलेल्या दोन कलिंगडांचा तो संकर आहे. जीएम शोधायचं असेल तर फळांच्या टोपलीत फारसं मिळणार नाही. मका, सोयाबीन, कनोला, सरकी आणि शर्कराकंद यांतून निघणारं तेल, साखर, स्टार्च आणि पशुखाद्य, हा त्याचा मुख्य मार्ग आहे.

मग लेबल हवं का? हवं, असं माझं मत आहे. धोका सिद्ध झालाय म्हणून नव्हे, तर विकत घेणाऱ्याला विचारायचा हक्क आहे म्हणून. युरोपात ०.९ टक्क्यांच्या वर जीएम असेल तर लिहावं लागतं, आणि जीएम सोयाबीनच्या तेलात डीएनए उरला नसला तरी लिहावं लागतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून लेबल सक्तीचं झालं, तेव्हा डीएनए सापडत नाही अशा शुद्ध तेल-साखरेला त्यातून सूट होती. पण या दोन्ही लेबलांवर पिकात कोणता गुण घातलाय हे नसतं, त्यावर कोणतं तणनाशक किती वेळा मारलं हे नसतं, आणि त्या बियाण्याचं पेटंट कुणाच्या नावावर आहे हेही नसतं.